पत्रा सरळ, चाक वाकडे

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथच्या बाजारात घटकाभर उभे राहिले तरी नंबरप्लेटींवरून या भागाचा इतिहास वाचता येतो. जुनी एपी ०१, मधली टीएस ०१, २०२४ पासूनची टीजी ०१ आणि त्यांच्यात बिनदिक्कत मिसळलेल्या नांदेडच्या एमएच २६, यवतमाळच्या एमएच २९. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले. बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळही त्यांच्याबरोबर गेले, खुद्द बोथ मात्र हैदराबादच्या बाजूला राहिले. सीमारेषा ठरली, पण सोयरिकी, कापूस आणि गाड्या यांनी ती फारशी मनावर घेतली नाही.

अपघातात सापडलेली गाडी दुरुस्त करायची वेळ आली की मात्र गावाचे आडवळण जाणवते. पत्रा ठोकणारा आणि रंग मारणारा कारागीर जवळपास सापडतो. चाकांचे कोन मोजणारे यंत्र, कंपनीचे सुटे भाग आणि विम्याचा सर्व्हेअर यांसाठी लोक आदिलाबाद, निर्मल किंवा नांदेडचा रस्ता धरतात. आदिलाबादहून नागपूर दोनशे किलोमीटरच्या आसपास, हैदराबाद तीनशेच्या. त्यामुळे जे जवळ होते ते आधी उरकते. स्टेअरिंग आणि सस्पेन्शनचे काम, ज्यावर आत बसलेल्यांचा जीव असतो, ते ‘शहरात गेलो की बघू’ या यादीत पडते. बोथ इथे निमित्त आहे. गडचांदूरला, उमरखेडला किंवा चंदगडलाही चित्र फार निराळे नसावे.

टक्कर म्हटली की डोळ्यांपुढे समोरासमोर आलेल्या दोन मोटारी येतात. बोथ, इच्छोडा, किनवट या पट्ट्यातली टक्कर पुष्कळदा वेगळी असते. कापसाच्या दिवसांत मागे दिवा नसलेली ट्रॉली, मोरीचा कठडा, अंधारात रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेली जनावरे. पावसाळ्यात कुंटाला आणि पोचेराचे धबधबे पाहायला निघालेल्यांची घाई. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, म्हणजे जुन्या सात नंबरवर, दुभाजकाला घासलेले चाक. या सगळ्यांत मार बहुधा गाडीच्या एका कोपऱ्याला बसतो आणि कोपऱ्यात चाक असते. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर सोडतात, तीही समोरच्या रुंदीचा ४० टक्के भागच धडकेल अशी. पण तिथे प्रवासी वाचतो का एवढे पाहायचे असते. ती गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची पंचाईत चाचणी घेणाऱ्यांपुढे नसते.

चाकाला बसलेला मार कुठवर जातो हे एकदा नीट पाहण्यासारखे आहे. टायर, रिम, हबचे बेअरिंग आणि मग नकल, म्हणजे चाकाला धरून वळवणारा सांधा. नकलपासून तीन वाटा फुटतात. एक खाली, बॉल जॉइंटमधून लोअर आर्मकडे आणि त्याच्या बुशांतून क्रॅडलकडे, म्हणजे लोअर आर्म ज्या चौकटीवर बसतो तिच्याकडे. दुसरी बाजूला, टाय रॉड एंडमधून रॅक आणि स्टेअरिंगच्या दांड्याकडे. तिसरी वर, स्ट्रटमधून बॉनेटखालच्या टॉवरकडे. ही मांडणी अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याची. १९५०च्या सुमारास ब्रिटनमधल्या फोर्ड गाड्यांत ती आली; आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये अवतरलेल्या मारुती ८०० ने ती गल्लोगल्ली पोचवली. हलकी, स्वस्त आणि कमी जागेत मावणारी. तिच्यात मेख एकच आहे, चाकाला उभे धरणारा वरचा टेकू म्हणजे गाडीचा पत्राच असतो. जीप किंवा बोलेरोत चेसिस वेगळी आणि वरचे अंग वेगळे. हॅचबॅकमध्ये अंग हीच चेसिस. तिथे डेंटरचे काम आणि मेकॅनिकचे काम अशी वाटणी करता येत नाही, पण आपल्या गॅरेजांत ती रोज होते. डेंटर फेंडर आणि बॉनेट यांमधली फट समान आणतो, मेकॅनिक लोअर आर्म बदलतो, आणि दोघांच्या मधला टॉवर कुणाचाच नसतो.

खालचा बॉल जॉइंट ते टॉवर हे अंतर साठ सेंटिमीटर धरले, तर वरचे टोक एक सेंटिमीटर सरकल्यावर चाक जवळजवळ एका अंशाने कलते. एक अंश उभ्या गाडीत डोळ्याला दिसत नाही, टायरला कळतो. चाकांचा टो, म्हणजे वरून पाहताना चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे माप, याहून खर्चिक ठरतो. एकेक चाक अर्धाच अंश वळलेले असले तरी दर किलोमीटरमागे ते जवळपास नऊ मीटर आडवे घासत जाते. सहा महिन्यांत टायरची एक कड गुळगुळीत होते, आणि मालक टायरच्या कंपनीला शिव्या घालतो.

‘अलाइनमेंट केली ना, मग झाले,’ हे वाक्य मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत घातक वाटते. अलाइनमेंट ही तपासणी आहे. ती इलाज होते फक्त जिथे फिरवायला नट दिलेला असतो तिथे. बहुतेक छोट्या गाड्यांत कारखान्याने पुढच्या चाकांच्या टोसाठीच सोय ठेवलेली असते. कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा कल) आणि कॅस्टर (वळणाच्या आसाचा मागेपुढे कल) जिथल्या तिथे पक्के असतात. ते मापाबाहेर गेले याचा अर्थ काहीतरी वाकले किंवा सरकले. पण यंत्रावरचा मुलगा टाय रॉड फिरवतो, टोचा आकडा हिरवा होतो, कॅम्बरचा लालच राहतो, आणि ‘जुनी गाडी आहे, एवढे चालायचेच’ म्हणत तो जॅक खाली घेतो. मालकाने छापील कागद मागितला तर तो लाल आकडा त्याच्या घरी तरी जाईल. कागद मागणारे थोडे.

खरे तर हेच यंत्र काय वाकले तेही सांगते. कॅम्बरसोबत ते आणखी एक कोन देते. चाक ज्या तिरक्या आसाभोवती वळते त्याचा हा कल. यंत्रावर त्याचे नाव एसएआय किंवा केपीआय असे येते. दोन्ही कोनांची बेरीज डाव्या आणि उजव्या चाकाला सारखी असायला हवी. कॅम्बर बिघडला पण बेरीज शाबूत राहिली, तर दोष लोअर आर्ममध्ये, क्रॅडलमध्ये किंवा टॉवरमध्ये. बेरीजच बिघडली तर नकल किंवा स्ट्रट वाकला. पाच मिनिटांचे हे गणित न करता एकेक भाग अंदाजाने बदलत जाणारे गॅरेज मालकाचे हजारो रुपये घालवते आणि शेवटी ‘चेसिसमध्येच प्रॉब्लेम आहे’ म्हणून हात वर करते.

यंत्राशिवायही बरेच दिसते, फक्त गाडीखाली शिरायची तयारी हवी. क्रॅडलच्या बोल्टांकडे पाहा. वर्षानुवर्षांच्या धुळीत आणि गंजात वॉशरशेजारी एखादी स्वच्छ, चकचकीत चंद्रकोर उघडी पडली असेल, तर क्रॅडल तेवढी सरकली. दोन्ही टाय रॉडांवर लॉकनटबाहेर किती आटे दिसतात ते मोजा. डावीकडे बारा आणि उजवीकडे पाच दिसत असतील, तर कुणीतरी वाकडेपणा आट्यांत लपवला आहे. रॅकचे रबरी बूट चिमटून पाहा, तेल किंवा चिखल लागतो का. पुढची चाके उचलून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मध्येच एका जागी ते जड झाले, तर रॅकचा दांडा वाकला आहे आणि तो बदलावाच लागेल. गाडी सपाट रस्त्यावर सरळ धावते पण खड्ड्यात चाक जाताच स्टेअरिंग हातातून एका बाजूला झटकते, असे होत असेल तर रॅक तिरका बसलाय.

मोठी मोजमापे घ्यायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. सिमेंटची सपाट फरशी हवी. गाडी समपातळीत टेकवायची, लोअर आर्मचे बोल्ट, क्रॅडलची भोके, मागच्या ॲक्सलचे टेकू अशा दोन्ही बाजूंच्या जोडबिंदूंवरून ओळंबा सोडायचा आणि फरशीवर खडूने फुली करायची. मग गाडी बाजूला ढकलून फुल्यांची कर्णमापे टेपने घ्यायची. दोन्ही कर्ण सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. बोलेरो आणि पिकअपच्या शिडीसारख्या चेसिसला ही रीत उत्तम लागू पडते. टोसाठीही जुनी युक्ती आहे. चाक उचलून फिरवत टायरभोवती खडूची बारीक रेघ मारायची, मग गाडी खाली घेऊन दोन्ही टायरांच्या रेघांमधले अंतर पुढून आणि मागून मोजायचे. बोथच्या मिस्त्रीला हे जमणार नाही असे काही नाही. त्याला एक तास द्यावा लागतो आणि त्या तासाचे पैसे द्यावे लागतात. डेंटिंगचे पाच हजार हसत मोजणारा माणूस मोजमापाचे पाचशे म्हटले की भुवया उंचावतो.

आता दुरुस्तीच्या पद्धतीबद्दल. वाकलेला लोअर आर्म, नकल, टाय रॉड किंवा स्टेअरिंगची कोणतीही कडी तापवून, ठोकून किंवा प्रेसवर घालून सरळ करायची नाही. वेल्डिंग तर नाहीच. हे भाग घडवताना आणि पाणी देताना पोलादात जो कणखरपणा येतो तो गॅसच्या ज्योतीत निघून जातो, आणि वाकल्यावर पडलेली केसाएवढी चीर सरळ केल्याने भरून येत नाही. असा भाग गॅरेजच्या दारात तुटत नाही. तो भरल्या गाडीत, घाटात, ब्रेक दाबलेला असताना तुटतो. बॉल जॉइंट निखळला की चाक फेंडरखाली आडवे होते आणि स्टेअरिंगला काही अर्थ उरत नाही. मिस्त्रीची बाजूही ऐकली पाहिजे. त्याच्यासमोर रोजंदारीवरचा माणूस उभा असतो, नवा भाग येईपर्यंत आठवडा जातो, आणि ‘तात्पुरते करून दे’ हे मालकच म्हणतो. तात्पुरते केलेले पुढची चार वर्षे चालते, चालले तर. भंगारातून आणलेला आर्म हाही उपाय नव्हे. तो ज्या गाडीतून निघाला तीही कुठेतरी आपटलेलीच असणार.

सेल्फ-लॉकिंग नट आणि स्प्लिट पिन पुन्हा वापरू नयेत. चाळीस-पन्नास रुपयांचा हा माल वाचवण्यात कसली काटकसर? शॉकअप जोडीने बदलावेत. बुशांचे बोल्ट गाडी जमिनीवर टेकवून, तिचा भार चाकांवर आल्यानंतरच शेवटचे आवळावेत. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि वर्षभरात फाटते. चांगल्या गॅरेजांतही ही चूक होते.

नव्या गाड्यांत आणखी एक थर आला आहे. स्टेअरिंगच्या दांड्यावर विजेची मोटर, स्टेअरिंग किती वळले ते मोजणारा सेन्सर, चाकाच्या मधोमध एअरबॅग आणि तिच्या तारा गुंडाळून ठेवणारी क्लॉक स्प्रिंग. अलाइनमेंट झाल्यावर त्या सेन्सरला ‘सरळ म्हणजे हे’ असे स्कॅनरने शिकवावे लागते. नाही शिकवले तर गाडी घसरू नये म्हणून बसवलेली यंत्रणा चुकीच्या समजुतीवर ब्रेक लावू शकते. दांडा काढताना चाके सरळ ठेवून स्टेअरिंग बांधून ठेवले नाही, तर क्लॉक स्प्रिंग तुटते आणि एअरबॅगचा लाल दिवा लागतो. तो दिवा विझवण्यासाठी बल्बच काढून टाकण्याचा ‘इलाज’ करणारे महाभाग आहेत.

मोटारसायकलींबद्दल खरे तर वेगळा लेख हवा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. दुचाकीला मार बसला की पुढचा चिमटा मागे येतो, चिमटा धरणारी टी वाकते, हँडलखालचा कोन सेट दबतो. पुष्कळ ठिकाणी चिमट्याचे पाईप प्रेसवर सरळ करून देतात. पाईपवरचा क्रोमचा थर त्यात तडकतो, मग ऑइल सील टिकत नाही. फ्रेमचे नाकच वाकले असेल तर पाईप नवे टाकूनही गाडी एका बाजूला ओढत राहते. साधी खूण अशी की मोकळ्या रस्त्यावर सरळ जाताना हँडल तिरके दिसते. ट्रॅक्टर आणि पिकअप यांची कथा थोडक्यात सांगता येते. पिकअपच्या पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल मागेपुढे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते. पाटे बदलल्यावर यू-बोल्ट काही दिवसांनी पुन्हा आवळायचे असतात. ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल वेल्ड करून वापरणे ही शेतातली जुनी खोड, ती रस्त्यावर ट्रॉली ओढताना अंगाशी येते.

पैशाचा प्रश्न विम्याशी येऊन थांबतो. नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर तो समोरच्याचे नुकसान भरतो, आपल्या लोअर आर्मचा एक रुपयाही देत नाही. दुसऱ्याची चूक असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी चढता येते, पण एका आर्मसाठी चढणारा विरळा. संपूर्ण विमा असला तरी घसाऱ्याचा तक्ता पाहून ठेवावा. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा लागतो. धातूच्या भागांवर पहिले सहा महिने काही नाही, मग वयाप्रमाणे ५, १०, १५, २५, ३५; पाच वर्षांनंतर ४० आणि दहा वर्षांनंतर ५० टक्के. आठ वर्षांच्या गाडीचा लोअर आर्म म्हणजे शंभरातले चाळीस आपले, आणि बुश वेगळे धरले तर त्यांचे पन्नास. झीज विम्यात बसत नाही, त्यामुळे सस्पेन्शनच्या भागावर ‘हे जुनेच झिजलेले होते’ असा शेरा लगेच पडतो. यावर उपाय म्हणजे सर्व्हेअरला गाडी लिफ्टवर असताना खालून दाखवणे, उघडण्याआधीचा अलाइनमेंटचा कागद जोडणे आणि उघडल्यावर नवे काही सापडले तर भाग बदलण्याआधी सप्लिमेंटरी एस्टिमेट देणे. रंग मारून झाल्यावर आणलेल्या तक्रारीला कुणी विचारत नाही.

पॉलिसीत एक अटही असते, ती वाचणारे कमी. अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि नुकसान वाढले, तर ते वाढीव नुकसान मालकाच्या माथी. महामार्गावरून ‘हळूहळू नेऊ’ म्हणत वाकड्या चाकाची गाडी आदिलाबादला नेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. खासगी मोटारीच्या टोइंगसाठी पॉलिसीच १,५०० रुपयांपर्यंत देते. रक्कम तुटपुंजी आहे, पण पुढची चाके उचलून नेण्याच्या खर्चाला हातभार लागतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते. तिची नोंदणी रद्द झाली नाही, तर ती कुणीतरी पुन्हा उभी करून विकू शकतो. आरसीवर अपघाताची नोंद नसते. एका राज्यातली ठोकलेली गाडी ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या राज्यात ‘एका हाताची, एकदम ओके’ म्हणून उभी राहिली, तर तिच्या आट्यांचा आणि चंद्रकोरींचा इतिहास विचारणार कोण? जुनी गाडी घेणाऱ्यांनी रंगाची जाडी मोजण्यापेक्षा खाली वाकून पाहावे.

कायदा म्हणाल तर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९८ सांगतो की स्टेअरिंगचा खेळ तीस अंशांहून जास्त नको, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या लॉक केलेल्या हव्यात. ज्याने कुणी हे लिहिले त्याला गॅरेजची माहिती होती. पण तपासायचे कुणी आणि कधी? मालवाहू आणि प्रवासी वाहनांना ठराविक काळाने फिटनेस घ्यावा लागतो. खासगी मोटारीला नोंदणीपासून पंधरा वर्षे कुणी विचारत नाही, मध्ये ती तीनदा आपटली तरी. ब्रिटनमध्ये १९६० साली एमओटी तपासणी सुरू झाली तेव्हा ती तीनच गोष्टींची होती, ब्रेक, दिवे आणि स्टेअरिंग. आज तिथे गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी ही तपासणी होते. आपल्याकडे निदान विम्याचा दावा मंजूर झालेल्या गाडीला रस्त्यावर येण्याआधी एक खालची तपासणी सक्तीची करायला काय हरकत आहे? गंभीर अपघात असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ खाली अधिकारी वाहन तपासतात, पण ती तपासणी अपघात कशाने झाला यासाठी. गाडी दुरुस्तीनंतर चालवण्याजोगी झाली का, हे पाहणारा टप्पा कुठेच नाही.

आणि सुटे भाग. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. आरोप असा की सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधने त्या स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोचू देत नाहीत. प्रकरण पुढे अपिलात गेले. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल उघडले, त्यात मोटारीही आहेत. हा विषय दिल्लीतल्या वकिलांचा वाटतो, पण त्याचा पहिला लाभधारक बोथसारख्या ठिकाणचा मिस्त्री आहे. त्याच्याकडे स्कॅनर आणि कंपनीची मापे असती, तर वाकलेला आर्म सरळ करण्याऐवजी बदलायचा हे त्याने स्वतःहून सांगितले असते, कारण कोणते माप चुकले ते त्याला मालकाला दाखवता आले असते.

तोवर हे काम मालकालाच करावे लागणार. गाडी टकरीनंतर गॅरेजला गेली की रंगाची गोष्ट काढण्याआधी चारही चाकांच्या कोनांचा छापील कागद मागा. दुरुस्ती झाल्यावर दुसरा मागा आणि दोन्ही शेजारी ठेवा. बदललेले जुने भाग डोळ्यांनी पाहा, विमा कंपनीने ते ताब्यात घेतले तर त्यांचे फोटो मागा. आणि कॅम्बरचा आकडा लाल असेल, तर बिल कितीही कमी झालेले असो, गाडी तिथेच ठेवून या.